बटण दाबलं तरी पीसी लगेच उठत नाही?
विंडोज उघडायला वेळ लागतो की बटण दाबूनही पंखाच फिरत नाही, हे आधी बघा. पंखाच फिरत नसेल तर फॉरमॅट मारून काही होणार नाही. रात्रभर बंद असलेला पीसी सकाळी चार-पाचदा दाबल्यावर उठतो आणि मग दिवसभर नीट चालतो? माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. आतले कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) जुने झाले की थंड असताना रडतात. ओळखीतून चांगला एसएमपीएस एका रात्रीपुरता आणा, सकाळी सुरू करून बघा. जुना मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. तारीख-वेळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य बोर्डवरचा) ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला. आणि हो, कधीकधी कॅबिनेटचं बटणच घासलेलं असतं! पीसी बंद करून रीसेट बटणाची वायर मदरबोर्डवरच्या पॉवर बटणाच्या पिनांवर लावली आणि रीसेट दाबून पीसी सुरू केला की लगेच कळतं.