बोटीत पाय न ठेवता ग्रीक बेटावर

प्रश्न : ताई, सप्टेंबरात आईला घेऊन ग्रीसला जायचं ठरतंय. तिला बोट लागते, इतकी की बंदर दिसलं तरी ती पर्समध्ये आवळासुपारी शोधते. पण बेटावर राहायची हौस तिचीच! अथेन्सहून एका बेटावर थेट बसने जाता येतं असं ऐकलं. खरं का? आठवडाभर राहायचंय, आणि आमच्यात गाडी चालवणारं कुणी नाही.
– आईची लेक

उत्तर : खरं आहे. बेटाचं नाव लेफ्कादा, ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये जेमतेम एक कालवा आहे. त्यावर तरंगता पूल आहे. शिडाच्या होड्या जायच्या वेळी तो बाजूला होतो, गाड्या रांगेत थांबतात, होड्या गेल्या की पूल पुन्हा जागेवर. तुमच्या आईला पाणी ओलांडावं लागेल ते पुलांवरूनच, तेही बसमध्ये बसून.

घोळ होतो तो अथेन्समध्येच. तिथे लांब पल्ल्याच्या बसची दोन स्टँड आहेत, किफिसोस आणि लिओसिओन. लेफ्कादाची गाडी किफिसोसहून सुटते. पहिल्या खेपेला मी टॅक्सीवाल्याला नुसतं ‘केटेल’ म्हटलं (केटेल म्हणजे तिथली एसटीच म्हणा, फक्त प्रत्येक जिल्ह्याची आपली वेगळी), आणि त्याने मला बिनदिक्कत लिओसिओनला सोडलं. गाडी गेली. पुढची संध्याकाळी. तेव्हा ‘किफिसोस’ हा शब्द पाठ करूनच विमानातून उतरा. विमानतळावरून एक्स 93 नंबरची सिटी बस तिथे जाते, रात्रीसुद्धा असते. शहरात मुक्काम असेल तर ओमोनिया भागातून 051 धरा. मेट्रो दाराशी जात नाही, त्या भानगडीत बॅगा घेऊन पडू नका.

बसच्या पाटीवर नाव ग्रीक अक्षरांत असतं. पहिलं अक्षर शिडीसारखं दिसतं, दोन पाय फाकलेले आणि मधे पायरी नाही. तेच लॅम्डा. गणितात भेटलेलं असेल.

तिकिटावर सीट नंबर असतो, म्हणून तिकीट काढतानाच उजवीकडची, पुढच्या रांगेतली जागा मागा. हे मी हौसेने सांगत नाही. गाडी जवळजवळ सगळा वेळ पश्चिमेकडे जाते, त्यामुळे दुपारचं ऊन डाव्या बाजूला येतं. आणि कोरिंथनंतर पात्रापर्यंत आखाताचं पाणी उजवीकडेच असतं. कोरिंथचा कालवा (1893 चा, सरळ कापलेला, साडेसहा किलोमीटरांच्या आतबाहेर) मात्र एका श्वासात मागे पडतो. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पाण्याची बाटली शोधत होते. पात्राच्या अलीकडे आखातावरचा रिओचा पूल येतो, जवळपास 2,880 मीटर लांब, 2004 मध्ये ऑलिंपिकच्या तोंडावर खुला झालेला. त्याचे पांढरे दोर पंख्यासारखे पसरलेले दिसले की आईला उठवा. पुढे अँफिलोखियाजवळ पुन्हा पाणी दिसतं, तेही उजवीकडेच.

एकूण पाच-साडेपाच तास लागतात. मधे एक थांबा असतो. गाडीत स्वच्छतागृह असेल असं धरून चालू नका, आणि ड्रायव्हर किती मिनिटं म्हणाला ते बोटांवर मोजून घ्या. कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. ग्रीसभर हाच नियम.

आता राहायचं कुठे? इथे माझं मत ठाम आहे. लेफ्कादा शहरातच राहा. जाहिरातीत डोंगरावरची गावं दिसतील, पोहायचा निळा तलाव, खाली समुद्र, आणि लिहिलेलं असेल ‘किनारा 10 मिनिटं’. ती 10 मिनिटं गाडीची असतात. तुमच्याकडे गाडी नाही. बेटावरच्या सगळ्या बस शहरातल्या स्टँडवरून सुटतात, त्यामुळे तिथे राहिलात की कुठेही एकाच बसने जाऊन परत येता. निद्री या किनाऱ्यावरच्या गावाला जाणाऱ्या बऱ्याच असतात. तिथल्या धक्क्यावरून ग्रीक जहाजमालक ओनासिसचं एकेकाळचं स्कॉर्पिओस बेट दिसतं, 1968 साली त्याने जॅकलीन केनेडीशी लग्न केलं ते तिथेच. निद्री स्वतः मला गोंगाटाचं वाटतं, पण आईला सपाट रस्ता मिळेल. आयिओस निकितास हे किनाऱ्यावरचं गाव लहान आणि सुंदर आहे. पोर्तो कात्सिकी या किनाऱ्याचे फोटो बघून हुरळू नका. बस फक्त उन्हाळ्यात, त्याही मोजक्या, शिवाय किनाऱ्यावर उतरायला भरपूर पायऱ्या.

शहरातली घरं बघाच. भूकंप पुष्कळ, म्हणून खालचा मजला दगडी आणि वरचे हलके, लाकडी, बाहेरून रंगीत पत्रे ठोकलेले. पहिल्यांदा मला ती अर्धवट सोडलेली कामं वाटली होती!

महिन्याची निवड चांगली आहे, पण पहिला पंधरवडा साधा. शाळा उघडल्या की गाड्या कमी होतात. उन्हाळ्यात दुपारी 3 ते 5.30 शांततेची वेळ असते, तेव्हा आईची झोप निर्धास्त. खोलीमागे रोजचा एक सरकारी कर बहुधा पोचल्यावर वेगळा घेतात, तेवढे युरो बाजूला ठेवा. आणि उतरल्या उतरल्या त्याच स्टँडवर परतीचं तिकीट काढा. रविवारी तर अथेन्सला परतणाऱ्यांची झुंबड असते.

प्रश्न : झाकिन्थोस बेटाला जाणारी अथेन्सची बस बोटीत चढते म्हणतात. मग बॅगा घेऊन उतरायचं का?
– एक वाचक

उत्तर : नाही, बॅगा बसच्या पोटातच राहतात. किलिनी बंदरात बस बोटीत शिरते, आणि तुम्ही जिना चढून वर डेकवर जायचं, कारण प्रवासात खाली थांबू देत नाहीत. पासपोर्ट, औषधं आणि एक जाकीट मात्र हातात घ्या, वर वारा असतो. बोटीचं तिकीट बसच्या तिकिटात धरलेलं आहे का, ते किफिसोसलाच विचारून घ्या. जवळपास तासाभराने बेट येतं. घोषणा झाली की लगेच खाली या आणि आपलीच बस ओळखा. खाली तीन-चार सारख्याच दिसतात, म्हणून चढतानाच नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा.