भाव आधी, इतिहास नंतर

वहिनी, तुमच्या दुकानाच्या साइटचा नमुना पाहिला. पहिलं पानभर आजेसासऱ्यांची कहाणी, आणि पुरणपोळीचा भाव कुठेच नाही! बडोद्याच्या दांडिया बाजारात गाडी कुठे लावू या विवंचनेतला माणूस मोबाइलवर एवढंच बघतो: दुकान उघडं आहे का, काय मिळेल, कितीला. ते वर घ्या. नंबर चित्रात नको, बोट लावताच फोन लागला पाहिजे. पोळीचा फोटो ६ एमबीचा आहे, उघडायला वेळ लागेल, २०० केबीवर आणा. मजकूर गुजरातीतही हवाच.

आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घ्या. माझं डोमेन साइट करणाऱ्या मुलाच्या नावावर होतं. तो पुण्याला गेला, मुदत वाढवायची राहिली, ऐन दिवाळीत साइट बंद! चकल्यांचे डबे घरीच खाल्ले आम्ही. हां, गूगल मॅप्सवर तुमचं दुकान अजून सोमवारी बंद दाखवतंय, ते आजच बदला.