भाचीसाठी स्नायूच्या सिग्नलवर चालणारा दिवा: सर्किटच्या आधी बघायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची सात वर्षांची, चारही हातापायांत ताठरपणा असलेली सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीवर ताबा न राहणं), बोलणं नाही, मान जेमतेम धरते. तिच्या उजव्या दंडावर ईएमजी, म्हणजे स्नायूतला विजेचा सिग्नल टिपणारा सेन्सर लावून, तिने स्नायू आवळला की टेबलावरचा दिवा लागेल अशी रचना तुम्ही केलीत. पण दिवा वाटेल तेव्हा लागतो आणि एकदा लागला की विझत नाही. सर्किटमध्ये चूक कुठे, हे तुम्हाला हवंय.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. गेली चौदा वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या शेजारी बसून अशा मुलांसाठी छोटी उपकरणं करतोय. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, सर्किट बहुधा ठीक आहे. दंडाचा स्नायू खरोखर आवळला जातोय आणि म्हणूनच दिवा लागतोय. मात्र तो तिने आवळलेला नाही.

त्यावर येतोच, पण एक गोष्ट आजपासून बंद करा. सेन्सर आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), आर्डुइनो लॅपटॉपला, लॅपटॉपचा चार्जर भिंतीत, आणि त्याच बोर्डावरच्या रिलेतून, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचमधून, २३० व्होल्टचा दिवा, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मुलीच्या त्वचेपासून भिंतीतल्या विजेपर्यंत सलग तारेचा रस्ता आहे. त्वचेला चिकटणाऱ्या वैद्यकीय उपकरणांच्या बीएफ वर्गासाठी आयईसी ६०६०१ हे मानक, उपकरण नीट चालू असताना १०० मायक्रोअँपिअरपर्यंतच गळती चालवून घेतं. बाजारातला साधा चार्जर किंवा रिले बोर्ड त्याची हमी देत नाही. मोठा माणूस झटका बसला की हात ओढून घेतो, ओरडतो. तिला यातलं काहीच करता येत नाही. अंगाला लागणारा भाग फक्त बॅटरीवर चालवा, ईएसपी३२ हा ब्लूटूथ असलेला छोटा बोर्ड घेऊन सिग्नल बिनतारी पाठवा, आणि त्या डबीतून दुसरीकडे कुठेही तार जाऊ देऊ नका. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. दिवाही बॅटरीचाच ठेवा.

आता मूळ मुद्दा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी अगदी तुमच्यासारखंच उपकरण एका मुलासाठी केलं होतं. बक्षीस दिव्याऐवजी गाण्याचं होतं, आणि स्पीकर त्याच्या डाव्या हाताला ठेवला होता. उजव्या दंडाचा सिग्नल छान वर जायचा, गाणं वाजायचं, आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी थेरपिस्ट ताईंनी स्पीकर उचलून त्याच्या उजवीकडे ठेवला आणि सिग्नल गायब झाला.

झालं होतं ते असं. लहान बाळाची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात सरळ होतो आणि दुसरा कोपरात वाकतो, धनुष्य ताणल्यासारखा. ही प्रतिक्षिप्त क्रिया साधारण सहाव्या महिन्यापर्यंत मावळते, पण तीव्र सेरेब्रल पाल्सीत ती अनेकदा वर्षानुवर्षं राहते. गाणं आलं की तो मुलगा डावीकडे वळायचा, वळला की उजवा दंड आवळायचा, दंड आवळला की गाणं चालूच. आम्ही त्याला काहीही शिकवत नव्हतो. उलट जी सवय मोडावी म्हणून त्याची आई रोज त्याला धरून बसवत होती, तीच आम्ही गाणं लावून पक्की करत होतो. ती तीन दिवसांची चूक मला अजून सलते.

म्हणून आधी एवढं सांगा: तुमचा दिवा तिच्या डावीकडे आहे का? असेल तर तो समोर, मध्यरेषेत, डोळ्यांच्या उंचीला आणा आणि मान दोन्ही बाजूंनी उशीने आधार देऊन सरळ ठेवा. ‘विझत नाही’ याचंही कारण असंच असू शकतं. या मुलांचा ताठरपणा आनंदाने वाढतो. दिवा लागला, ती खूश झाली, सगळं अंग ताठ झालं, सिग्नल वरच राहिला. जवळ बसून मोठ्याने टाळ्या वाजवू नका, दचकूनही हेच होतं. शाबासकी हळू आवाजात द्या.

दंड सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या स्नायूचा सिग्नल सगळ्यात मोठा दिसतो तो घ्यावासा वाटतो, पण ताठर मुलांत मोठा सिग्नल बहुतेक वेळा ताठरपणाचाच असतो. जिथे ताठरपणा कमी आणि तिची मर्जी जास्त, अशी जागा शोधा. ही जागा तिची आई तुमच्यापेक्षा लवकर सांगेल. ‘तिला काही हवं असलं की ती काय करते?’ एवढंच विचारा. भुवया वर करते, ओठाचा कोपरा ओढते, अंगठा हलवते, काहीतरी असतंच. भुवया असतील तर कपाळ ही फार चांगली जागा. जबडा टाळा, लाळेने इलेक्ट्रोड सुटतात आणि गिळताना खोटे सिग्नल येतात. आणि ती हालचाल डोळ्यांना नीट दिसण्याइतकी असेल, तर ईएमजी लागतंच असं नाही. स्टीफन हॉकिंग गालाच्या हालचालीवर संगणक चालवायचे तेव्हा चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर ती टिपायचा, त्वचेला काही चिकटवलेलं नव्हतं. हालचाल दिसत नाही पण स्नायू जागा होतोय, तिथे ईएमजीचा खरा उपयोग.

सिग्नल किती वर गेला की दिवा लागावा, तो उंबरठा कसा ठरवायचा? ती शांत असताना दोन मिनिटांची नोंद घ्या, सरासरी काढा, तिच्यात प्रमाण विचलनाची (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) तिप्पट मिळवा. सुरुवातीला हा आकडा चालतो. पण तो आकडा रोजचा नाही. बसण्याची पद्धत बदलली की बदलतो, ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळीच्या आधी आणि नंतर वेगळा येतो. गेल्या काही महिन्यांत स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या स्नायूचा सिग्नल दबलेला असतो. म्हणून दर वेळी सुरुवातीला नवी नोंद. दिवा लागण्याचा उंबरठा आणि पुन्हा तयार होण्याचा उंबरठा वेगवेगळे ठेवा, दुसरा पहिल्याच्या निम्म्याहून थोडा वर.

आणि इथे तुमच्या रचनेत एक बदल कराच. स्नायू आवळून धरेपर्यंत दिवा चालू, असं नको. आवळला आणि सोडला, दोन्ही झाल्यावर दिवा, तोही तीन-चार सेकंद, मग आपोआप बंद. पुढच्या वेळी स्नायू पुन्हा शांत झाल्याशिवाय यंत्र तयारच होऊ नये. ताठर मुलीला आवळणं शिकवावं लागत नाही. तिच्यासाठी सोडणं कष्टाचं आहे, आणि बक्षीस त्या कष्टाला मिळायला हवं. मात्र सोडल्यापासून दिव्यापर्यंत पाव सेकंदाहून जास्त वेळ जाऊ देऊ नका, नाहीतर आपण केलं आणि ते झालं हा धागा तिच्या हाती लागत नाही.

१९६३ साली कॅनडातल्या जॉन बस्माजियन यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं होतं की, आपल्या स्नायूचा सिग्नल कानाने ऐकता आणि पडद्यावर बघता आला तर माणूस एकेक मोटर युनिटसुद्धा (एक चेतापेशी आणि ती हलवते तेवढे स्नायूतंतू) मर्जीने चालवायला शिकतो. हे वाचून हुरूप येतो, मलाही आला होता. पण त्या माणसांना काय करायचंय ते शब्दांत सांगता येत होतं. तुमच्या भाचीला ते यंत्रानेच समजावायचंय, म्हणून यंत्राने एकदाही खोटं उत्तर देता कामा नये.

ती खरंच स्वतः करतेय का, हे असं तपासा. दोन मिनिटं दिवा जोडलेला, दोन मिनिटं तोडलेला, पुन्हा जोडलेला, पुन्हा तोडलेला. प्रत्येक वेळी किती वेळा उंबरठा ओलांडला ते मोजा. आकडे सारखेच आले तर तिला अजून उमगलेलं नाही, किंवा स्नायू चुकीचा आहे. तोडलेल्या वेळी तिने सुरुवातीला जास्त प्रयत्न केला, दिव्याकडे बघून थांबली, चिडली, तर ती फार मोठी बातमी आहे. आणि सांगितल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा. या मुलांना सुरुवात करायलाच वेळ लागतो आणि आपण तोवर दुसरी सूचना देऊन बसतो.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडंच. त्वचेवरचा सिग्नल काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत, कामाचा पट्टा साधारण २० ते ४५० हर्ट्झ. तेव्हा सेकंदाला किमान १००० नमुने घ्या आणि १००-२०० मिलिसेकंदांच्या खिडकीवर आरएमएस, म्हणजे सिग्नलचा सरासरी जोर, काढा. घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट नॉच फिल्टरने (तेवढीच वारंवारता कापणारा) मारण्याची घाई नको, ईएमजीचा बराच जोर तिथेच आसपास असतो. तारा आखूड करा, एकमेकींत पिळा, रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत सिग्नल मोजतात तो) हाडाच्या जागी नीट बसवा. निम्मा त्रास तिथेच संपतो. लहान मुलांचे ईसीजी इलेक्ट्रोड घ्या, दोघांच्या मध्यांत २० मिलिमीटर, स्नायूच्या लांबीच्या दिशेने. सकाळी तेल-मालीश होत असेल तर साबणाने धुऊन त्वचा कोरडी करा, नाहीतर काहीच चिकटणार नाही. काढताना मात्र कडेला खोबरेल तेल लावून हळू सोडवा.

दिवा वेगाने लुकलुकू देऊ नका. अशा अनेक मुलांना फिट्सही येतात, तिला येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रकाश वापरू नका. नजर कितपत आहे तेही विचारा. डोळे ठीक असूनही मेंदूला दृश्य न उमगणं यांच्यात बरंच आढळतं. तसं असेल तर दिव्यापेक्षा आजीचा आवाज रेकॉर्ड करून वापरा.

पुढचा आठवडाभर दिवा जोडूच नका. रोज एकाच वेळी, दहा मिनिटं, कपाळ आणि उजवा दंड दोन्हींचा सिग्नल नुसता नोंदवा. शेजारी तिच्या आईला बसवा, आणि ‘आता तिने मुद्दाम केलं’ असं वाटेल तेव्हा त्यांना एक बटण दाबायला सांगा. तिने तोंड फिरवलं, डोळे मिटले, तर त्या दिवशी तिथेच थांबा. ती फाइल आणि गोळीच्या वेळा मला पाठवा, मग उंबरठा बरोबर बसून ठरवू.