कापलेले सीन परत जोडायचेत? आधी आवाजाचं बघा

प्रश्न : आवडत्या पिक्चरची ब्ल्यू-रे आहे, प्रिंट एकदम कडक, पण थिएटरला होते त्यातले दोन सीन गायब. जुन्या पाल (भारत-युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डीव्हीडीत ते आहेत, तरी डीव्हीडीचाच टाइम तीनेक मिनिटांनी कमी दाखवतो, हे कसं काय? आणि डीव्हीडीतले सीन उचलून ब्ल्यू-रेत टाकले की झालं ना?

उत्तर : टाकले की होतं हो, पण बघवत नाही! आधी टाइमचं. पिक्चर शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमवर आणि पाल डीव्हीडी पळते २५ वर, म्हणजे दोन तासांचा पिक्चर जवळजवळ पाच मिनिटं आधीच संपतो आणि सगळ्यांचे आवाजही किंचित बारीक होतात. त्यामुळे नुसता टाइम बघून कुठली कॉपी कापलेली आहे ते ठरवू नका, सीन बाय सीन शेजारी लावून बघा.

मग डीव्हीडीचा तुकडा ब्ल्यू-रेच्या स्पीडला आणा, पण आवाजही चित्राबरोबरच स्लो करा. सॉफ्टवेअर पिच (आवाजाचा बारीक-जाडपणा) तशीच ठेवू का विचारतं तिथे नाही म्हणा, कारण स्लो केल्यावरच तर तो मूळ आवाजावर येतो.

कलरचं म्हणाल तर डीव्हीडी आणि एचडीचं रंगांचं गणित वेगळं असतं, ६०१ आणि ७०९ म्हणतात ते. ते कन्व्हर्ट न करता लोक थेट स्लायडर ओढत बसतात आणि कातडीचा रंग काही केल्या जुळत नाही. आधी कन्व्हर्ट, मग ग्रेडिंग, म्हणजे हाताने रंग जुळवणं.

पण खरा घाम काढतो तो आवाज. स्टुडिओने सीन कापला की तिथलं बॅकग्राउंड म्युझिकही आखडून परत जोडलेलं असतं, त्यामुळे चित्राच्या कटवरच आवाज कापलात तर सूर मधेच तुटतो आणि ज्याला काही माहीत नाही त्यालाही खटकतं. कटच्या थोडं आधीपासून डीव्हीडीचा ट्रॅक घ्या, सीन संपल्यावरही थोडा चालू द्या आणि दार आपटलं, गाडी गेली, असा एखादा मोठा आवाज शोधून त्याच्याखाली क्रॉसफेड (एक ट्रॅक हळूहळू कमी, दुसरा वाढत) लपवा. चित्र ब्ल्यू-रेचं आणि आवाज डीव्हीडीचा असे काही सेकंद गेले तर कुणाला कळतही नाही. माझ्या मते निम्मा वेळ इथेच द्यावा.

आणि थिएटरला होतं तसंच हवं म्हणताना कुठलं थिएटर तेही ठरवा. स्टार वॉर्स घ्या, १९९७ च्या स्पेशल एडिशनमध्ये बदल झाले म्हणून चाहत्यांनी १९७७ चा पिक्चर परत उभा केला, आधी वेगवेगळ्या डिस्क जोडून आणि मग ४के७७ या त्यांच्याच प्रोजेक्टमध्ये थेट जुनी ३५ एमएम प्रिंट स्कॅन करून. पण १९७७ लाच त्याचे मोनो, स्टिरिओ आणि ७० एमएमचे आवाजाचे मिक्स वेगवेगळे होते, काही डायलॉगसुद्धा वेगळे, आणि सुरुवातीच्या मजकुरातलं ‘एपिसोड ४’ तर १९८१ ला आलं! म्हणजे ओरिजिनल एकच असतं असं नाही.

हो, आणि कॉपीराइट स्टुडिओचाच राहतो, त्यामुळे तयार झालेली फाइल वाटत सुटू नका.

प्रश्न : माझी डीव्हीडी अमेरिकन आहे, सीनमध्ये काही हललं की आडव्या रेघा दिसतात. डीइंटरलेस (रेघा पुसणारा फिल्टर) करू का?

उत्तर : नको! २४ फ्रेमचा पिक्चर तिथल्या टीव्हीवर बसवायला फील्ड (फ्रेमच्या एकाआड एक रेघांचे अर्धे भाग) रिपीट केलेली असतात, म्हणून दर पाच फ्रेममधल्या दोन रेघाळ दिसतात. इनव्हर्स टेलेसिनी करा, म्हणजे ती रिपीट काढून टाका, मूळच्या २४ अख्ख्या परत मिळतात. डीइंटरलेस केलंत तर डिटेल जातं आणि रिपीट फ्रेम तशाच राहतात, कॅमेरा फिरताना झटके बसतात. एआयने चित्र मोठं करायचं असेल तर ते या सगळ्यानंतर आणि तेही जपून, चेहरे मेणाचे दिसायला लागतात. त्यापेक्षा साधं मोठं करून वर ब्ल्यू-रेसारखी बारीक ग्रेन (फिल्मचे दाणे) टाकलेली बरी.