अँटिबायोटिक, पोटातले जिवाणू आणि नाचणीची आंबील

प्रश्न : भातलावणीत ताप आला. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा जिवाणूंचा ताप) संशयावरून डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा सात दिवसांचा कोर्स दिला. चार दिवसांत ताप उतरला. शेजारी म्हणतात, या गोळ्यांनी पोटातले चांगले जंतू मरून प्रतिकारशक्ती जाते. गोळ्या थांबवू का? नाचणीचं सत्त्व घेऊ का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : गोळ्या अजिबात थांबवू नका. लेप्टो मूत्रपिंडं आणि यकृत गाठतो. उरलेले तीन दिवस पुरे कराच.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आतड्यातल्या जिवाणूंच्या आवरणाचे बारीक तुकडे रक्तातून हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात. तिथं तयार होणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्यांच्यामुळे सज्ज राहतात. 2010 साली उंदरांवरच्या प्रयोगात अँटिबायोटिकने जिवाणू कमी केले, तेव्हा या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटली. आवरणातला तोच घटक वेगळा टोचल्यावर ती परतली. म्हणजे शक्ती जात नाही, सज्जता काही काळ उतरते. कोर्स संपल्यावर जिवाणूंच्या बहुतेक जाती महिना-दीड महिन्यात पुन्हा वाढतात. काहींना जास्त वेळ लागतो.

त्यांना खायला हवेत तंतू (फायबर). ते आंबवून जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी विनाकारण भडकत नाहीत. सत्त्व इथं कामाचं नाही: ते वस्त्रगाळ करताना तंतू चोथ्यात जातात. अख्ख्या नाचणीचं पीठ घ्या. त्यात 100 ग्रॅमला सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात.

दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत ओता (कोरडं पीठ टाकलंत तर गुठळ्या होतात) आणि मंद आचेवर सहा-सात मिनिटं शिजवा. भांड्याला हात लावून बघा. कोमट लागलं की मगच वाटीभर ताक घाला. गरम आंबिलीत ताक फुटतं आणि त्यातले जिवाणूही मरतात. कालवलेल्या पिठाला किंचित आंबूस वास चालेल. गुलाबी-काळे ठिपके दिसले तर टाकून द्या.

या आंबिलीतून जेमतेम दोन ग्रॅम तंतू मिळतात, गरज दिवसाला किमान 25 ग्रॅमची. तेव्हा कुळथाची पिठी, चवळी, पालेभाजी रोज हवीच. प्रमाण आठवडाभरात हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं.

ताकातलं कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनला बांधून ठेवतं, म्हणून गोळी आणि आंबील यांत दोन तासांचं अंतर ठेवा. कोर्समध्ये किंवा नंतरच्या काही आठवड्यांत दिवसात तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब झाले किंवा शौचातून रक्त पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.