तुमचे प्रश्न : ऑर्डरी येतायत, मग पैसा कुठं जातोय?

प्रश्न : ताई, मी हातानं बनवलेल्या वस्तू ऑनलाइन विकते. सहा महिन्यांपासून जाहिरात चालू केलीय, ऑर्डरी दुप्पट झाल्या, दिवसभर पॅकिंग करून कंबर मोडते, पण महिनाअखेरीला खात्यात काहीच उरत नाही. जाहिरात अजून वाढवू का? सणाला २० टक्के सूट द्यायचाही विचार आहे.

नका वाढवू. आधी वही काढा, आणि सूट तर तोवर अजिबात नको.

समजा तुमची वस्तू १०० ला विकली जाते. सामान, खोका, कुरियर, ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेवाल्याची कपात असं सगळं मिळून ६० जातात, म्हणजे एका ऑर्डरमागे तुमच्याकडे ४० उरतात. यातूनच तुमची मेहनत, वीज, मशीनची दुरुस्ती आणि जाहिरात सगळं भागवायचंय. आता जाहिरातीचं बघा. एका क्लिकला १ जात असेल आणि १०० क्लिकमागे २ जण घेत असतील, तर एका ऑर्डरला ५० क्लिक लागले, म्हणजे ५० जाहिरातीतच गेले, आणि उरत होते किती तर ४०. प्रत्येक ऑर्डरला १० खिशातून जातायत. अशा वेळी ऑर्डरी दुप्पट झाल्या की तोटा दुप्पट होतो, आणि तुमचं नेमकं हेच चाललंय असा मला दाट संशय आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब हाच करायचाय.

सूट देण्याचं गणित तर अजून फसवं असतं. १०० वर २० सोडले तर ४० चे २० उरतात, म्हणजे आधीइतकाच पैसा हातात यायला दुप्पट माल विकावा लागतो, आणि पॅकिंगही दुप्पट. १० टक्के सूट दिली तरी ३० उरतात, म्हणजे जिथं ३० नग विकत होता तिथं ४० विकले तर बरोबरी. आपण म्हणतो फक्त १० टक्के तर सोडले, पण ते तुमच्या उरणाऱ्यातले चक्क पाव असतात.

अजून एक चूक खूप जणांची होते, माझीही झालेली. मी शिवणकाम विकायचे तेव्हा खर्चावर ५० टक्के चढवायचे आणि माझं मार्जिन, म्हणजे विक्रीच्या किमतीतला माझा वाटा, ५० टक्के आहे असं समजायचे. ६० च्या वस्तूवर ५० टक्के चढवले की ९० होतात, त्यात आपले ३०, म्हणजे विक्रीच्या एक तृतीयांश, साधारण ३३ टक्के. मी दोन वर्षं त्या चुकीच्या आकड्यावर सूट देत राहिले आणि स्वतःच्या कामाचे तास तर कधी धरलेच नाहीत. तुम्ही तुमचे तास धरा. उद्या हेच काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागलं तर जे द्याल ते आजपासूनच खर्चात लिहा.

जाहिरात नेहमीच वाईट असं मी म्हणत नाहीये. तुमचं गिऱ्हाईक परत परत येत असेल, वर्षात तीनदा घेत असेल, तर त्याच्याकडून १२० उरतात, मग पहिल्या वेळी ५० घातले तरी परवडतं. फक्त ते तीनदा येतंय हे तुमच्या ऑर्डरच्या यादीत दिसलं पाहिजे, येईल असं वाटून चालत नाही. आणि तेव्हाही जाहिरातीचा पैसा आज जातो, गिऱ्हाइकाचा वर्षभरात येतो, विक्रीच्या साइटवाले तुमचे पैसे काही दिवस धरून ठेवतात, परत आलेल्या पार्सलचं कुरियर तुमच्याच माथी. कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट असं होऊन चांगले चाललेले धंदे बंद पडतात. म्हणून दोन वह्या ठेवा, एकीत ऑर्डरमागे किती उरलं आणि दुसरीत कुठल्या तारखेला किती आले, किती गेले.

प्रश्न : एका माणसानं १०,००० फॉलोअर्स स्वस्तात देतो म्हणून सांगितलंय. आकडा मोठा दिसला तर लोक विश्वास ठेवतील ना?

घेऊ नका. ती माणसं नाहीतच, ती काही विकत घेणार नाहीत, आणि तुमची पोस्ट गेली की त्यातून ना लाइक ना कमेंट, त्यामुळे ही पोस्ट कुणाला आवडत नाही असाच हिशोब अॅपकडे जातो. त्याहून वाईट म्हणजे उद्या तुम्ही 'माझ्या फॉलोअर्ससारख्या लोकांना जाहिरात दाखव' असं निवडलंत तर ती जाहिरात खोट्या खात्यांसारखीच खाती शोधायला लागेल. २०० खरे फॉलोअर्स असतील तर त्यातले कोण विचारतंय, काय विचारतंय हे तरी कळतं.

प्रश्न : ताई, रिव्ह्यू कमी आहेत. मार्केटिंग करून देणारा म्हणतो घरच्यांकडून लिहून घ्या, वाईट रिव्ह्यू लपवा, आणि साइटवर 'फक्त २ शिल्लक' असं कायम लावून ठेवा. सगळेच करतात म्हणे.

सगळे करत नाहीत, आणि जे करतात ते कधीतरी अडकतात. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू लिहिणं, विकत घेणं यावर तिथल्या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या एफटीसीचा स्पष्ट नियम आहे, मालकाच्या घरच्यांनी नातं न सांगता लिहिलेले रिव्ह्यूही त्यात येतात. त्याआधी फॅशन नोव्हा या कपडे विकणाऱ्या कंपनीवर चारपेक्षा कमी स्टारचे रिव्ह्यू अडवून ठेवल्याचा ठपका होता, ते प्रकरण २०२२ मध्ये ४२ लाख डॉलरवर मिटलं. तुमचा धंदा तेवढा मोठा नाही हे मान्य, पण गिऱ्हाइकाला फसवल्याचं कळतं तेव्हा ते धंद्याचा आकार बघत नाही.

मी तर म्हणेन वाईट रिव्ह्यू हा तुम्हाला फुकट मिळालेला सल्ला आहे. एकानं लिहिलं रंग फोटोपेक्षा फिका आला, तर खाली सरळ लिहा की हो, फोटो दिव्याच्या उजेडात काढला होता, आता खिडकीपाशी काढून बदललाय, तुम्हाला नको असेल तर परत घेतो. हे वाचणारा दुसरा माणूस तुमच्याकडून घ्यायला कमी घाबरतो, कारण काही बिघडलं तर तुम्ही कसं वागता हे त्याला आधीच दिसलं. आणि रिव्ह्यू हवेत तर मागा की. पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी एक साधा मेसेज, 'कसं वाटलं ते लिहाल का, चांगलं वाईट दोन्ही चालेल'. खूश झालेल्यांनाच निवडून मागू नका, सगळ्यांना मागा.

'फक्त २ शिल्लक' हे खरंच २ असतील तेव्हाच लिहा. तुमचं तर हातकाम आहे, तुमच्याकडे खरोखर कमीच नग असतात, खोटं लिहायची गरजच काय!

प्रश्न : ५,००० मोबाइल नंबरची यादी विकत मिळतेय, व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्टनं सगळ्यांना पाठवलं तर?

पोचणारच नाही. ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. एकेकाला पाठवत बसलात तर लोक ब्लॉक करतील, रिपोर्ट करतील, आणि ज्या नंबरवर तुमची रोजची गिऱ्हाइकं बोलतात तोच बंद पडायचा. ईमेलचंही तसंच आहे, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढायची सोय द्यावीच लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तिघांनी स्पॅमचं बटण दाबलं तरी संपलं. विकतच्या यादीत तिघं नाही, तीनशे दाबतील.

यादी स्वतः बनवा. बिलाबरोबर विचारा, 'नवीन माल आला की कळवू का?' हो म्हणाले तर नाव लिहा, नको म्हणाले तर विषय संपला. अशी ८० नावं मला त्या ५,००० पेक्षा मोलाची वाटतात.

प्रश्न : वेबसाइट हवीच का, की सोशल मीडियाचं पेज पुरे?

सुरुवातीला पेज चालेल, पण ती भाड्याची जागा आहे, उद्या खातं लॉक झालं तर गिऱ्हाइकांची यादी, फोटो, चॅट सगळं आत अडकतं. म्हणून महिन्यातून एकदा यादी उतरवून स्वतःकडे ठेवा. वेबसाइट केलीत तर एकच पानाची असू द्या, काय विकता, केवढ्याला, किती दिवसात पोचतं, परत कसं करायचं, फोन नंबर. आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलनं घ्या. बनवून देणारा भला माणूस असला तरी तो स्वतःच्या ईमेलनं घेतो, मग दोन वर्षांनी त्याचा फोन लागत नाही आणि रिन्यूची आठवण करून देणारी मेल त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहते. आज कुणी बनवून दिलेली वेबसाइट असेल तर लॉगिन कुणाकडे आहे ते संध्याकाळपर्यंत विचारून घ्या.