पर्यटनस्थळांवर सरकार कोट्यवधी रुपये खर्च करतं म्हणतात, मग स्वच्छतागृहाला कुलूप का असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात घरच्यांना घेऊन मालवणकडे आलात, दोन किनाऱ्यांवर स्वच्छतागृहाला कुलूप होतं, सासूबाईंची पंचाईत झाली, आणि शेजारच्या फलकावर मात्र निधीचा आकडा ठळक छापलेला. तर तो पैसा जातो कुठे, आणि सरकार पर्यटकांसाठी खरंच काही करतं का?

मी मालवणच्या जवळच निवास न्याहारी चालवतो. तीन खोल्या, मागे माड, पुढे खाडी. चौदा वर्षं झाली. सीझनला रोज कुणी ना कुणी पाहुणा हाच प्रश्न विचारतो, फक्त तुमच्याइतका सभ्य शब्दांत नाही.

पैसा दर वेळी कुणी खातंच असं नाही. (खाणारे आहेत. त्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल आणि मला इथे धंदा करायचा आहे.) बहुतेक ठिकाणी गोम अशी असते की बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत.

खाडीपलीकडच्या एका गावातलं उदाहरण सांगतो. गावाचं नाव नको. किनाऱ्यावर सुरूच्या बनाला लागून स्वच्छतागृह बांधलं. काम चांगलं होतं हो, पांढऱ्या टाइल्स, काळा कडाप्पा, वर हजार लिटरची टाकी, अपंगांसाठी रॅम्पसुद्धा. उद्घाटनाला मी स्वतः नारळ घेऊन गेलो होतो. ठेकेदाराने काम चालू असेपर्यंत तात्पुरतं मीटर घेतलं होतं, काम संपल्यावर ते निघालं. बोअर मारली तिला खारं पाणी लागलं, आणि खाऱ्या पाण्याने दोन पावसाळ्यांत पंप खाल्ला. मग पत्रव्यवहार सुरू झाला. ग्रामपंचायत म्हणाली, वीज आणि पाण्याची जोडणी केल्याशिवाय ताबा घेणार नाही. काम करून घेणारं सरकारी कार्यालय म्हणालं, जोडणी ताबा घेणाऱ्याच्याच नावाने होते, तेव्हा आधी ताबा घ्या. दोघांचंही कागदावर बरोबर. सफाईला एक माणूस ठेवायचा तर महिन्याला दहाएक हजार लागणार. घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणाऱ्या पंचायतीने ते आणायचे कुठून? आमच्या इथला एक होडीवाला टाकीकडे बघून म्हणाला, "पाणीच नाय तर टाकी कित्याक व्हयी?" याहून नेमका लेखापरीक्षण अहवाल मी वाचलेला नाही.

आता हे असं का होतं, ते निधीच्या वाटा बघितल्या की कळतं. एखादं ठिकाण 'क' वर्ग पर्यटनस्थळ व्हायला ग्रामपंचायतीचा ठराव जातो, जिल्हा नियोजन समिती मान्यता देते आणि जिल्हा वार्षिक योजनेतून पैसे येतात. त्याच्या वर प्रादेशिक पर्यटन विकास योजना, तो राज्याचा पैसा. त्याच्या वर केंद्राची स्वदेश दर्शन. या सगळ्यांतून रस्ता, जेटी, पेव्हर ब्लॉक, कमान, पथदिवे आणि स्वच्छतागृह मिळतं. झाडूवाला, वीजबिल आणि पंपाची दुरुस्ती यासाठी त्यांत जागा नसल्यात जमा. केंद्राच्या योजनेत तर वास्तू उभी झाल्यावर ती चालवायची जबाबदारी राज्याची असं आधीच ठरलेलं असतं, आणि राज्यात ती जबाबदारी उतरत उतरत शेवटी ग्रामपंचायतीच्या दारात येऊन बसते.

शिवाय मंजूर झालेला आकडा म्हणजे आलेला पैसा नव्हे. आमचा जिल्हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. 2015-16 मध्ये स्वदेश दर्शनातून सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी प्रकल्प मंजूर झाला, शिरोडा, सागरेश्वर, तारकर्ली, विजयदुर्ग, मिठबाव असा पट्टा. मंजुरी होती 82 कोटींच्या घरातली. पुढे कामं गळत गेली आणि आकडा 19 कोटींवर आला. लोकांच्या डोक्यात मात्र 82 च बसलेत, कारण पेपरात पहिला आकडा पहिल्या पानावर येतो आणि दुसरा येतच नाही.

सध्या चर्चा आहे ती पाण्याखालच्या संग्रहालयाची. 'गुलदार' ही नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे स्कूबावाल्यांना आणि पाणबुडीतून पर्यटकांना दाखवायची. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्राने देशभरातल्या 40 पर्यटन प्रकल्पांना 3,295 कोटी मंजूर केले, त्यात महाराष्ट्राचे दोन: नाशिकचा रामकाल पथ 99 कोटींचा आणि आमची ही बोट 46.91 कोटींची. हा पैसा राज्याला 50 वर्षांच्या बिनव्याजी कर्जाच्या रूपात मिळतो, तोही भांडवली कामासाठी. मी विरोधात नाही. झालंच तर पाहुणे वाढतील, पहिला फायदा माझाच. पण बोट बघून वर आलेला माणूस ओले कपडे कुठे बदलणार, हा माझा प्रश्न अजून उभाच आहे.

हे फक्त कोकणाचं रडगाणं समजू नका. अजिंठ्याला जपानच्या अर्थसाहाय्यातून केवढं मोठं पर्यटक केंद्र बांधलं. 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, म्हणजे मूळ चित्रांवरचा गर्दीचा ताण कमी होईल. कल्पना उत्तम होती. 2013 ला ते सुरू झालं, आणि काही वर्षांत वीज-पाण्याची बिलं थकून बंद पडलं. त्याच अजिंठ्यात फर्दापूर फाट्यावर खासगी गाड्या अडवून पुढचे चारेक किलोमीटर बसने नेतात, ती व्यवस्था मात्र टिकली. लोक रांगेला वैतागतात, पण ती टिकली, कारण बसला तिकीट आहे आणि रोज संध्याकाळी कुणीतरी त्याचा हिशोब करतं.

तुम्ही म्हणाल, लेण्यांनाही तिकीट आहेच की. आहे. अजिंठा, वेरूळ, घारापुरीला भारतीयांना 40 रुपये, परदेशी पाहुण्यांना 600, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. पण पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाचा पैसा त्या लेण्याजवळ राहत नाही, तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि खात्याला अंदाजपत्रकातून जे मिळायचं ते वेगळं मिळतं. तिथल्या पहारेकऱ्याला गर्दी वाढल्याचा आनंद का व्हावा?

याच्या उलट कास पठार बघा. फुलांच्या हंगामात दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, प्रवेश शुल्क. वनखात्याबरोबर आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या हे सांभाळतात. पार्किंगला, फाटकावर, फुलांत घुसणाऱ्यांवर शिट्टी मारायला गावातलीच पोरं असतात आणि त्यांचा पगार त्याच शुल्कातून निघतो. तिथेही भांडणं आहेत, कुंपणावरून तर वर्षानुवर्षं वाद चालला. पण मी गेलो तेव्हा स्वच्छतागृह उघडं होतं, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला यापुढे फारसं काही विचारायचं नसतं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, पर्यटकाला थेट काय मिळतं. 1363 हा केंद्राचा पर्यटक मदत क्रमांक आहे, चोवीस तास, 12 भाषांत. त्यात हिंदी, इंग्रजी आणि जपानी, अरबीपासून पोर्तुगीजपर्यंत दहा परदेशी भाषा आहेत, मराठी नाही. म्हणजे माझ्याकडे उतरलेल्या कोरियन माणसाला त्याच्या भाषेत मदत मिळेल, माझ्या आईला नाही. खरी अडचण आली तर सरळ 112 लावा. मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत. त्या काळात कुणी "चला ना, सोडतो" म्हणाला तर जाऊ नका. इतर वेळीही लाइफ जॅकेटचा पट्टा तुटका असेल तर दुसरं मागा, लाजू नका. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून माणसं गेली, तेव्हा आठवडाभर आमच्या वाडीत कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

एक योजना मात्र मनापासून आवडली, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त. 2023 ला राज्याने 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल, निम्म्या कामगार बायका असतील आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असेल, तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत करतं, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, सात वर्षं किंवा साडेचार लाख होईपर्यंत. आमच्या शेजारच्या वहिनींनी यातून दोन खोल्या आणि एक खानावळ काढली. 'परत करतं' हा शब्द नीट वाचा. व्याज आधी आपण भरायचं, मग मागायचं. वहिनींनी पहिले हप्ते सुरमईच्या थाळ्या विकून भरले आणि प्रत्येक पावतीची झेरॉक्स तांदळाच्या डब्यात ठेवली, कारण घरात कोरडी जागा तेवढी एकच. परतावा उशिरा आला, पण आला. या योजनेने बांधकामाला पैसा दिला नाही, चालत्या धंद्याचा भार हलका केला. म्हणून त्या खानावळीचं स्वच्छतागृह रोज धुतलं जातं. ते कुणाचं आहे हे ठरलेलं आहे.

तुमच्यासारख्याने काय करावं? गूगलवर एक तारा देऊन काही होत नाही, तो तारा बिचाऱ्या चहावाल्याच्या नावावर पडतो. फलकाचा फोटो काढा. त्यावर योजनेचं नाव आणि काम करणाऱ्या यंत्रणेचं नाव असतं. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करून तीनच गोष्टी मागा: प्रशासकीय मान्यतेची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि ती वास्तू कुणाच्या ताब्यात दिली त्या हस्तांतरणाची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पहिल्या दोन प्रती सहसा मिळतात. तिसरी मागितली की फोन येतो, "तुम्ही कोण, कशासाठी पाहिजे?" त्या फोननंतर कधी कधी चार दिवसांत कुलूप उघडतं. आम्ही स्थानिकांनी मागितलं तर पंचायतीच्या बैठकीत तोंड दाखवायची चोरी होते. तुम्ही पुण्याहून मागितलंत तर कुणाला राग यायचं कारण नाही.

आणि ते खाडीपलीकडचं स्वच्छतागृह. खाऱ्या वाऱ्याने त्याचं पहिलं कुलूप गंजून किल्लीच फिरेना, तेव्हा गावातल्या पोरांनी ते तोडून नवीन लावलं. नवी किल्ली आता सुरूच्या बनातल्या चहाच्या टपरीत खिळ्याला टांगलेली असते. टपरीवाली मावशी दहा रुपये घेते आणि शेजारच्या विहिरीवरून बादली भरून देते. पावती मिळत नाही. पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन आलात की चहा नंतर मागा, आधी किल्ली मागा.